कथेतील वैनगंगा आणि आपली वैनगंगा
(समाजाच्या वार्षिक मेळाव्यात दिलेले भाषण)



आपल्या पोवार समाजातील कित्येक कुटुंबे सुट्टीत मुलाबाळांसह पेंचचे अरण्य पाहावयास जातात. वाघ दिसो वा न दिसो, मोगलीचे रान पाहिल्याचे समाधान घेऊन मुले परततात. या यात्रेविषयीच चार शब्द बोलावेत असे योजिले आहे.

रड्यार्ड किपलिंग १८६५ साली मुंबईस जन्मला. लाहोर व अलाहाबाद येथे त्याने वृत्तपत्रांत काम केले. परंतु ‘जंगल बुक’ (१८९४) लिहिले ते अमेरिकेतील व्हरमाँट येथे. सिवनीचे अरण्य त्याने प्रत्यक्ष पाहिले नव्हते, असेच अभ्यासक मानतात. रॉबर्ट स्टर्नडेल याच्या सिवनीविषयक ग्रंथाचा (१८७७) त्यास आधार मिळाला. तथापि नावे त्याने खरी ठेवली. शेरखान राहतो तो वैनगंगेकाठी. मेसुआ आश्रयास जाते तो कान्हीवाडा आजही सिवनी जिल्ह्यात आहे.

ही वैनगंगा म्हणजे आपलीच माय. सिवनीत उगम पावून, बालाघाटातून वाहत ती गोंदिया जिल्ह्याच्या सीमेवर येते. माळव्यातून आलेले आपले पूर्वज तिच्याच खोऱ्यात स्थिरावले आणि धान पिकवू लागले. म्हणूनच त्या कथांतील एक प्रसंग मनास बोचतो. गावाने मेसुआस चेटकीण ठरविले, म्हणून मोगलीच्या सांगण्यावरून हत्ती, रानडुकरे व हरिणे उभी पिके फस्त करतात आणि अखेर गाव रानाच्या पोटात जाते. चेटकीण ठरवून स्त्रीचा छळ करण्याच्या रूढीवर लेखकाने केलेला प्रहार योग्यच आहे. तो आपण निमूटपणे ऐकला पाहिजे. परंतु दूरदेशीच्या वाचकास त्या विध्वंसात केवळ न्याय दिसतो. ज्याच्या बांधीत रात्री रानडुकरे शिरतात, त्यास काय दिसेल? शेतकऱ्याचे कष्ट, त्याची जागल, पावसाकडे लागलेले त्याचे डोळे यांना त्या कथेत स्थान नाही.

हा दोष एकट्या किपलिंगचा नव्हे. न पाहिलेल्या नदीस त्याने जगाच्या साहित्यात नेले. तिचे पाणी पिणाऱ्या आपण तिच्याविषयी किती लिहिले?

तेव्हा माझी विनंती इतकीच. पेंचला अवश्य जावे; ती नदीही कन्हानमार्गे वैनगंगेसच मिळते, हे मुलांना सांगावे. परतताना वैनगंगेच्या काठी घटकाभर थांबावे, धानाची शेते दाखवावीत, आजोबांच्या जागलीच्या गोष्टी सांगाव्यात. आणि आपल्या तरुणांनी त्या मराठीत अथवा आपल्या पोवारी बोलीत लिहून ठेवाव्यात. पुढील स्मरणिकांत त्यांना जागा मिळावी, अशी संपादक मंडळास प्रार्थना करून मी आपली रजा घेतो.