शाळेतला मानसशास्त्रज्ञ काय करतो?

दहावी जवळ आली की काही घरांत एका प्रमाणपत्रासाठी धावपळ सुरू होते. अध्ययन अक्षमतेचं प्रमाणपत्र. ते मिळालं की बोर्डाच्या परीक्षेत जादा वेळ मिळतो, गरज असेल तर लेखनिक मिळतो. महाराष्ट्रात ही सोय १९९६ पासून आहे, म्हणजे 'तारे जमीन पर' या चित्रपटाच्याही अकरा वर्षं आधीपासून. मुलांचं त्यात भलंच झालं. पण मानसशास्त्रज्ञ म्हणजे चाचणी घेऊन सही-शिक्का देणारा माणूस, एवढीच ओळख मात्र आपल्याकडे पक्की झाली.

खरं तर पहिली बुद्धिमापन चाचणी निघाली ती मदतीसाठी. पॅरिसमध्ये आल्फ्रेद बिने यांनी १९०५ साली ती तयार केली, वर्गात मागे पडणाऱ्या मुलांना नीट शिकवता यावं म्हणून. ती अमेरिकेत गेली, तिथून आपल्याकडे आली, आणि व्ही. व्ही. कामत यांनी मराठी आणि कन्नड मुलांसाठी तिचं रूपांतर केलं. 'बिने-कामत' हे नाव आजही आपल्याकडच्या अहवालांत दिसतं.

चाचणीपाठोपाठ माणूसही आला: लंडनच्या काउंटी कौन्सिलने १९१३ साली सिरिल बर्ट यांना नेमलं. ब्रिटनमधले हे पहिले शैक्षणिक मानसशास्त्रज्ञ, आणि नेमणूक अर्धवेळ! पुढे बुद्धी ही बहुतांशी जन्मजात असते, असा त्यांचा आग्रह राहिला. त्यांच्या मृत्यूनंतर त्यासाठी दिलेल्या जुळ्या भावंडांच्या अभ्यासातल्या आकड्यांवरच संशय घेतला गेला. पण त्या नेमणुकीतून जो पेशा उभा राहिला, तो मला मोलाचा वाटतो. इंग्लंडमध्ये शाळांचे हे मानसशास्त्रज्ञ बहुधा स्थानिक कौन्सिलच्या सेवेत असतात आणि अनेक शाळांत फिरतात.

फिरून करतात काय? समजा, पाचवीतला एक मुलगा वर्गात सतत खोड्या काढतो. मानसशास्त्रज्ञ त्याला लगेच बाजूला घेऊन बसत नाही. तो आधी मागच्या बाकावर बसून तास बघतो. तोंडी गणितं चालू असताना हा पोरगा हात वर करतो. फळ्यावरचं उतरवून घ्यायचं म्हटलं की शेजाऱ्याची पेन्सिल पळवतो. मधल्या सुट्टीत तो ठीक असतो. मग बाईंशी बोलणं होतं: कोणत्या दिवशी त्याने त्रास दिला नाही? त्या दिवशी तुम्ही काय वेगळं केलं होतं? आईवडिलांना विचारलं जातं, डोळे-कान तपासलेत का? त्यातून एखादाच बदल ठरतो. उतरवायचा मजकूर त्याला छापून द्यायचा, उत्तर तोंडी घ्यायचं. काही आठवड्यांनी पुन्हा भेट. चाचणी लागलीच तर त्यानंतर. या सगळ्यात मुलापेक्षा मोठ्यांबरोबरच जास्त वेळ जातो, आणि तसा तो जायलाच हवा, कारण रोज वर्गात उभ्या राहणार आहेत त्या बाई.

शाळेतलं एखादं मूल अपघातात गेलं, तर उरलेल्या मुलांशी काय बोलायचं, हेही शिक्षक मानसशास्त्रज्ञालाच विचारतात.

मात्र इंग्लंडमध्येही कागद वरचढ ठरतोय. तिथल्या २०१४ च्या कायद्यानुसार विशेष गरजा असलेल्या मुलाची योजना वीस आठवड्यांत पुरी व्हायला हवी, आणि तीत मानसशास्त्रज्ञाचं मत सक्तीचं. ते द्यायला मुदत सहा आठवडे. हक्क उत्तम, पण माणसं कमी. वेळ अहवाल लिहिण्यात जातो आणि मागच्या बाकावर बसायला कुणी उरत नाही.

आपल्याकडे हा बाक बहुतेक शाळांत पहिल्यापासूनच रिकामा. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने अध्ययन अक्षमतेला मान्यता दिली. मराठीतून वाचनाची अडचण तपासणारी 'डाली' ही चाचणीही आता आहे. तेव्हा सगळं दहावीवर ढकलायचं कारण नाही. तिसरीतलं मूल जोडाक्षराशी अडत असेल, तर त्याच्या बाईंना भेटा, आणि वही बरोबर न्या.