रिपोर्ट चांगला, तरी कावीळ कशाची?



गेल्या पावसाळ्यात आमच्या गटातल्या एका ताईंच्या सुनेला कावीळ झाली. आठवा महिना चालू होता. तालुक्याला रक्त तपासलं. हिपॅटायटीस 'ए' नाही, 'बी' नाही. घरच्यांना वाटलं, रिपोर्ट चांगला आला, म्हणजे साधीच कावीळ. झाडपाल्याचं औषध सुरू झालं. आम्हीही गप्प बसलो, कारण आम्हालाच माहीत नव्हतं. पाचव्या दिवशी ती बरळायला लागली. जिल्ह्याला नेल्यावर आणखी एक तपासणी झाली, तेव्हा कळलं, हिपॅटायटीस 'ई'. सून वाचली, बाळ गेलं.

मग आम्ही डॉक्टरबाईंना विचारून घेतलं, ते तुम्हाला सांगतो.

'ई'चा विषाणू माणसाच्या विष्ठेतून पिण्याच्या पाण्यात येतो. गटाराजवळ नळाची पाइप फुटली, विहिरीत घाण पाणी उतरलं, की तो पसरतो. १९५५-५६ मध्ये दिल्लीत यमुनेच्या पाण्यात सांडपाणी मिसळलं आणि सुमारे २९ हजार लोकांना कावीळ झाली. तेव्हा या विषाणूचं नावही कुणाला ठाऊक नव्हतं. पाणी पोटात गेल्यावर दोन ते दहा आठवड्यांनी त्रास सुरू होतो, म्हणून कारण चटकन ध्यानात येत नाही.

बहुतेक माणसं काही आठवड्यांत आपोआप बरी होतात. पण शेवटच्या तीन महिन्यांतल्या गरोदर बाईला हाच आजार झाला, तर शंभरातल्या वीस-पंचवीस जणी दगावू शकतात.

म्हणून आमच्या गटाने चार गोष्टी ठरवल्या आहेत. गरोदर बाईचे डोळे पिवळे दिसले, लघवी गडद झाली, की त्याच दिवशी दवाखाना. 'ए' आणि 'बी' नसेल, तर "ई तपासलं का?" असं डॉक्टरांना विचारायचं. डॉक्टरांना विचारल्याशिवाय झाडपाला नाही आणि तापाची गोळीही नाही. बाई बरळली, सारखी झोपेत राहिली किंवा रक्तस्राव झाला, तर थेट मोठ्या दवाखान्यात न्यायचं.

आणि पाणी? खळखळ उकळूनच प्यायचं. विहिरीत, टाकीत टीसीएल पावडर पडते का, हे ग्रामसभेत उभं राहून विचारायचं. एकटीला धीर होत नसेल, तर गटाने मिळून जा. आम्ही तसंच गेलो. फुटकी पाइप आठवड्यात बदलली.

ते बाळ आम्हाला परत आणता येणार नाही. पण पुढच्या सुनेच्या वेळी आम्ही गप्प बसणार नाही. तुम्हीही बसू नका.