ट्रॅक्टर तेल का खातो?

जुना पेट्रोल ट्रॅक्टर निळा धूर सोडू लागला की मालकाला पहिला सल्ला मिळतो तो "इंजिन उतरवा" असा. सल्ला देणाऱ्याचे काही जात नाही. पिस्टन, रिंगा, लायनर, बेअरिंगे आणि वर मजुरी मिळून जो आकडा होतो, तो मालकालाच मोजावा लागतो. आणि एवढे करूनही धूर राहिला, म्हणजे मग ट्रॅक्टर भंगारवाल्याच्या दारात जाऊन उभा राहतो. म्हणून पाना हातात घेण्यापूर्वी तेल नेमके कोणत्या वाटेने जाते, ते शोधून काढावे.

उदाहरणासाठी आपण फर्ग्युसन टीई-२० हा ट्रॅक्टर घेऊ. इंग्लंडात कॉव्हेंट्री येथे १९४६ ते १९५६ या काळात असे पाच लाखांहून अधिक ट्रॅक्टर तयार झाले. एडमंड हिलरी ४ जानेवारी १९५८ रोजी दक्षिण ध्रुवावर पोचले ते याच जातीच्या ट्रॅक्टरांना पट्टे चढवून. आपल्याकडे आज ट्रॅक्टर म्हटला की डिझेलच डोळ्यांपुढे येतो. पण हे पेट्रोलवाले जपणारी, त्यांना रंगवून-सजवून चालवणारी माणसे इंग्लंडात आजही पुष्कळ आहेत. स्टँडर्ड मोटर कंपनीचे त्यातले चार सिलिंडरांचे इंजिन साधे आणि सरळ आहे. ते स्वतःच्या तक्रारी स्वतःच सांगते. ऐकणारा मात्र हवा.

पहिला प्रश्न असा की, तेल जळते की गळते? रात्री ट्रॅक्टरखाली एक जुना पुठ्ठा घाला आणि सकाळी डाग पाहा. गळणारे इंजिन धूर न काढताही तेल संपवते. मग तेलपट्टी पाहा. तेल खुणेच्या वर भरले असेल, तर जादा तेल जळून जाणारच. त्यात इंजिनाचा दोष नाही. पट्टीवरचे तेल बोटावर घेऊन हुंगा. पेट्रोलचा वास आला आणि तेल पाण्यासारखे पातळ लागले, तर ते रिंगांपाशी टिकायचे नाही. रॉकेलसारख्या इंधनावर चालणारे जे फर्ग्युसन होते, त्यांत तर इंजिन पुरते तापण्याआधीच त्या इंधनावर टाकले, की न जळलेले इंधन सिलिंडरच्या भिंतीवरून ओघळून खाली तेलात उतरते. ताजे, योग्य जाडीचे तेल भरा आणि किती तास काम झाले, किती तेल वर घालावे लागले, हे वहीत टिपा. "फार तेल खातो" हे काही माप नव्हे.

आता धूर. काळा धूर म्हणजे पेट्रोल जास्त, पांढरी वाफ म्हणजे पाणी, निळा म्हणजे तेल. एवढे सर्वांना ठाऊक असते. धूर कधी येतो, याकडे मात्र फारच थोडे लोक लक्ष देतात, आणि खरी मेख तिथेच आहे! रात्रभर उभा असलेला ट्रॅक्टर सकाळी सुरू करताच निळा भपकारा आला आणि लगेच निवळला, तर संशय व्हॉल्व्हच्या गाईडवर घ्यावा. तेल रात्री दांड्यावरून हळूहळू खाली झिरपलेले असते. तसेच उतारावर थ्रॉटल मिटून आलात आणि खाली येऊन रेस देताच धूर उसळला, तरी बोट गाईडकडेच जाते. थ्रॉटल मिटलेले असताना आतील ओढ जबर असते. ती इनलेटच्या ढिल्या गाईडमधून तेल शोषून घेते. उलट नांगर जमिनीत असताना, ओझ्याखाली, सारखा निळा धूर चालू राहिला, तर रिंगा आणि बोअर यांची चौकशी करावी. इंजिन गरम असताना तेल भरायचे झाकण काढून पाहा. तिथून धापा टाकल्यासारखा धूर येत असेल, तर जळलेला वायू रिंगांवरून खाली उतरतो आहे. मात्र आधी ब्रीदर साफ करा. तो तुंबला, तर बरे इंजिनसुद्धा तेल वर ढकलते.

चारही प्लग काढून ओळीने मांडा. एकच प्लग तेलाने ओला असेल, तर दुखणे त्याच सिलिंडरचे. मग गरम इंजिनावर, थ्रॉटल पूर्ण उघडे ठेवून, कॉम्प्रेशन मोजा. आकड्यापेक्षा चौघांतला फरक महत्त्वाचा. जो कमी भरेल त्यात चमचाभर तेल सोडून पुन्हा मोजा. आकडा चढला तर रिंगा किंवा बोअर. तसाच राहिला तर व्हॉल्व्ह बसत नाही. पण इथे एक फसगत आहे, बरं का! कॉम्प्रेशन धरतात वरच्या रिंगा. तेल खरवडते ती खालची रिंग. ती काजळीने चिकटून बसली, तर कॉम्प्रेशन उत्तम आणि धूरही उत्तम! ढिले गाईडही या चाचणीत सापडत नाहीत.

आणखी एक जागा बहुतेक जण विसरतात, ती म्हणजे एअर क्लीनर. या ट्रॅक्टराचा एअर क्लीनर तेलाच्या वाटीचा आहे. वाटी खुणेच्या वर भरली की हवेबरोबर तेल थेट कार्ब्युरेटरात ओढले जाते. एका गृहस्थांना कारखान्याने पूर्ण ओव्हरहॉलचा अंदाज लिहून दिला होता. वाटीतले जादा तेल काढले आणि धूर थांबला. अंदाजाचा तो कागद त्यांनी अजून जपून ठेवला आहे.

वर्षानुवर्षे उभा असलेला ट्रॅक्टर असेल, तर रिंगा नुसत्या चिकटलेल्या असू शकतात. प्लगच्या भोकातून गंज सोडवणारे पातळ तेल घालून चार-पाच दिवस मुरू द्या. मग प्लग काढलेले असतानाच इंजिन हाताने फिरवून ते तेल बाहेर काढा, इंजिनातले तेल बदला आणि ट्रॅक्टर खरोखर कामाला जुंपा. अंगणात स्लोवर तासन् तास फुरफुरत ठेवल्याने रिंगा सुटत नाहीत. वीस-पंचवीस तास ओढकाम करून वही पुन्हा पाहा. खप उतरत असेल तर थांबा.

उतरत नसेल आणि गाईड दोषी असतील, तर नुसते हेड काढून काम भागते. रिंगा-बोअर दोषी असतील, तरी या इंजिनाचे लायनर ओले, म्हणजे भोवती पाणी खेळणारे आहेत. ते उपसून नवे बसवता येतात, ब्लॉक बोअर करावा लागत नाही. आधी पाणी सोडा, खालची सीले नवी घाला, आणि लायनरची कड ब्लॉकच्या वर किंचित उभी राहते की नाही, ते मापून घ्या. ती खाली राहिली, तर हेड गॅस्केट धरणार नाही आणि पाणी तेलात उतरेल.