शिष्यवृत्तीवर नाव दोघांचे



१९१३ साली बाबासाहेब बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर कोलंबिया विद्यापीठात गेले. दरमहा ११.५० पौंड मिळत. मुंबईतला संसार रमाईंनी ओढला. कागदावर नाव एकाचे, कष्ट दोघांचे.

पुढे १९४६ साली मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय निघाले, १९५० साली औरंगाबादेत आजचे मिलिंद. तिथे आपल्या लेकीही शिकल्या. म्हणून आम्ही विनंती करतो की, माजी विद्यार्थी दांपत्याच्या गौरवार्थ महाविद्यालयात शिष्यवृत्ती ठेवताना ‘श्री. व सौ.’वर भागवू नका. तिचेही नाव पूर्ण लिहा. मूळ रक्कम बँकेत राहू द्या, व्याजातून फी व खानावळ भागवा. विद्यार्थ्यांनो, कमावते झालात की त्याच ठेवीत भर घाला.

जयभीम!