साष्टीतील साथी आणि साथींची वार्ता



अंधेरी, बोरिवली, मुलुंड आणि घाटकोपर ही स्थळे आज महानगराची उपनगरे म्हणून ओळखली जात असली, तरी सव्वाशे वर्षांपूर्वी ती ठाणे जिल्ह्याच्या महसुली दफ्तरात साष्टी तालुक्यातील खेडी म्हणूनच नोंदलेली होती. भाताची खाचरे, मिठागरे, कोळीवाडे, आगरी-कुणब्यांचे पाडे आणि ईस्ट इंडियन ख्रिस्ती लोकांची गावठाणे अशी त्यांची रचना होती. १९२० साली साष्टीच्या दक्षिण भागाचा निराळा उपनगर जिल्हा झाला, आणि पुढे १९५० व १९५७ अशा दोन टप्प्यांनी ही सारी वस्ती बृहन्मुंबईच्या हद्दीत आली. तेव्हा ग्रामीण समाजाला साथीच्या रोगांचे ज्ञान कसे होते, हा आजच्या व्याख्यानाचा विषय आपल्याला परका नाही. आपण बसलो आहोत त्याच भूमीवर तो घडलेला आहे.

सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी विभागात डॉ. अकासियो व्हिएगस यांनी ग्रंथिक सन्निपाताचे, म्हणजे प्लेगाचे, निदान केले, आणि पुढील काही महिन्यांत आठ लाखांवर वस्ती असलेल्या मुंबईतून जवळजवळ निम्मे लोक बाहेर पडले. त्यांच्या वाटा ठरलेल्याच होत्या : माहीम आणि शीव येथील बांध, ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे आणि बी. बी. सी. आय. रेल्वे. रोग ज्या गाडीने आला त्याच गाडीने त्याची वार्ताही आली. किंबहुना वार्ता थोडी आधीच पोहोचली. बाजारात माल घालून परतणारा माळी, गिरणीतून सुटून गावी आलेला भाऊ, मासळीची पाटी रिकामी करून आलेली कोळीण, हेच त्या काळी खेड्याचे वृत्तपत्र होते. त्यात अतिशयोक्ती असे, परंतु एक गुण मोठा असे : सांगणारा ओळखीचा असे, आणि त्याला उलट प्रश्न विचारता येई.

सरकारची वार्ता निराळ्या मार्गाने येई. मामलेदार कचेरीतून हुकूम सुटे, चावडीवर जाहीरनामा लागे, दवंडी पिटली जाई, आणि जन्ममृत्यूची नोंद ठेवणाऱ्या पाटलावरच रोग्याची वर्दी देण्याची जबाबदारी पडे. आता हे लक्षात घ्या की, हाच पाटील सारा वसूल करी, आणि फौजदारी बाबतीत पोलिसांची पहिली पायरीही तोच असे. फेब्रुवारी १८९७ मध्ये साथरोग कायदा झाला. त्याने घराची झडती घेण्याचे, रोग्याला इस्पितळात नेण्याचे आणि उतारूंना स्थानकावर अडवून तपासण्याचे अधिकार अंमलदारांच्या हाती आले. परिणाम असा झाला की, चावडीवर रोगाची माहिती देणे म्हणजे आपल्या माणसाला घरातून उचलून नेण्याची परवानगी देणे, असे समीकरण रयतेच्या मनात बसले. रोगी माळ्यावर लपवले जाऊ लागले आणि प्रेते रातोरात हलवली जाऊ लागली. हे अज्ञान नव्हते. मिळालेल्या माहितीवरून काढलेले ते व्यवहारी अनुमान होते.

हा कायदा होण्याआधीच आर्थर रोडच्या इस्पितळात माणसांची मोमियाई, म्हणजे शरीरातून औषधी तेल, काढतात, अशी कंडी पिकली, आणि २९ ऑक्टोबर १८९६ रोजी गिरणीकामगारांचा मोठा जमाव त्या इस्पितळावर चालून गेला. मोमियाईची कल्पना भ्रामक होती, यात संशय नाही. परंतु आत गेलेल्यांपैकी पुष्कळसे परत येत नव्हते, आणि आत काय चालते हे सांगणारे कोणी नव्हते, या दोन गोष्टी मात्र खऱ्या होत्या. अधिकारी गप्प बसला की त्याची रिकामी जागा कंडी भरून काढते.

आता खेड्याच्या स्वतःच्या ज्ञानाकडे वळू. दख्खनच्या गावांनी दोन-तीन वर्षांतच एक खूण पक्की केली : घरात उंदीर पडू लागले की गाव सोडायचे आणि माळावर झोपड्या घालून राहायचे. पिसवांद्वारे रोग पसरतो हे पॉल-लुई सिमाँ यांनी १८९८ मध्ये कराचीत दाखवले, तरी शास्त्रज्ञांच्या जगाने ते सहजासहजी मानले नाही. परळच्या प्रयोगशाळेत १९०५ पासून झालेल्या संशोधनानंतरच त्यावर शिक्कामोर्तब झाले. म्हणजे कारण ठाऊक नसताना रयतेने उपाय गाठला होता. या ज्ञानाला मर्यादाही होत्या, कारण माळावर जाताना बरोबर नेलेल्या वाकळांतून पिसवाही जात. त्याबरोबरच श्रद्धेचाही मार्ग चाले. कुर्ला-अंधेरी रस्त्यावरील एका वस्तीचे नावच साथीच्या देवतेवरून जरीमरी आहे, आणि वांद्रे-अंधेरीकडील गावठाणांत प्लेगाच्या काळातले क्रूस आजही उभे आहेत. एकाच भयाने हिंदू आणि ख्रिस्ती शेजाऱ्यांना आपापल्या आश्रयाकडे नेले; परंतु उंदीर पडल्याची बातमी दोघांनी एकमेकांना सांगितली असेल, असे मानायला काहीच हरकत नाही.

लशीच्या बाबतीतही विश्वासाचा मार्ग असाच आहे. १० जानेवारी १८९७ रोजी डॉ. हाफकिन यांनी आपली प्लेगाची लस प्रथम स्वतःला टोचून घेतली, आणि सामान्य माणसाला शंभर पत्रकांपेक्षा ही एक कृती अधिक पटण्यासारखी होती. उलट १९०२ मध्ये पंजाबातील मुलकोवाल येथे लस टोचलेले एकोणीस लोक धनुर्वाताने दगावले. दोष लशीचा नव्हता, हे सिद्ध व्हायला पाच वर्षे लागली. अपघाताची वार्ता तारेच्या वेगाने जाते आणि तिचे निराकरण बैलगाडीने येते.

माहितीची रीत बदलली की काय साधते, हे देवी रोगाच्या उच्चाटनाने दाखवले. १९७० नंतरच्या मोहिमेत कार्यकर्ते देवी आलेल्या बालकाचे चित्र हाती घेऊन घरोघर, शाळांत आणि आठवड्याच्या बाजारांत फिरले, ‘असे कोणी पाहिले आहे काय?’ असे विचारत, आणि रोगी दाखवणाऱ्याला इनाम देत. पूर्वी वर्दी देणाऱ्याच्या वाट्याला झडती येई, आता बक्षीस येऊ लागले. मे १९७५ नंतर भारतात देवीचा स्थानिक रोगी आढळला नाही.

२०१६ साली सिंधुदुर्गातील दोडामार्ग तालुक्यात माकडतापाची साथ आली, तेव्हा रानात मेलेले माकड ही पुन्हा उंदरासारखीच खूण ठरली, आणि ती सर्वांआधी दिसते ती काजूच्या बागेत जाणाऱ्या शेतकऱ्याला. मार्च २०२० मध्ये कोविडच्या साथीमुळे १८९७ चाच कायदा महाराष्ट्रात पुन्हा लागू झाला, आणि मुंबईतून पुन्हा माणसे गावांकडे निघाली. अनेक गावांनी वेशीवर अडसर घातले. मात्र या वेळी घरोघरी जाऊन ताप आणि प्राणवायू मोजणारी आशाताई, म्हणजे आशा स्वयंसेविका, त्याच गावची सून किंवा लेक होती. गावाने दंडुक्यापेक्षा तिचे अधिक ऐकले, हे तुम्हांपैकी ज्यांची घरे कोकणात किंवा घाटावर आहेत त्यांनी प्रत्यक्ष पाहिले असेल.

यावरून मी एकच निष्कर्ष मांडतो. खेडे वार्तेवाचून कधीच राहत नाही. प्रश्न एवढाच असतो की, ती वार्ता देणाऱ्याला खेड्याने प्रश्न विचारावा की त्याच्यापासून रोगी लपवावा. म्हणून ज्याने रोगाची माहिती द्यायची, त्याच्या हाती दंडाची पावती असता कामा नये. आणि आशाताईचे मानधन वेळेवर देणे, हा साथीच्या बंदोबस्ताचाच भाग समजला गेला पाहिजे. आपल्या गावी ते होते की नाही, याची चौकशी पुढच्या ग्रामसभेत आपण प्रत्येकाने करावी, एवढीच माझी विनंती आहे.