घरांतला समुद्र



पनवेलकराला समुद्र तसा परका नाहीं. रेल्वे व मोठे रस्ते होण्यापूर्वी मुंबईशीं येथील दळणवळण पुष्कळसें खाडीच्या वाटेनेंच चाले, आणि भरतीबरोबर येथील बंदराला गलबतें लागत. परंतु आपल्या खाडीचें पाणी गढूळ; त्याच्या पोटांत काय चाललें आहे तें वरून दिसत नाहीं. म्हणून नितळ निळ्या पाण्यांतील खडक व त्यांच्या आडोशानें फिरणारे रंगीत मासे घरीं बसून पाहावे, अशी इच्छा कोणास झाली तर ती स्वाभाविकच होय. १९५१ सालीं मुंबईस तारापोरवाला मत्स्यालय उघडलें, तेव्हांपासून कित्येक पिढ्यांतील मुलांनीं काचेला नाक लावून हीच इच्छा मनांत धरली. आज काच, यंत्रें व मीठ हें सर्व बाजारांत मिळतें. तेव्हां असा लहानसा समुद्र घरांत कसा उभारावा, आणि तो उभारतांना कोणती मर्यादा पाळावी, यासंबंधीं चार शब्द सांगण्याचा आज विचार आहे.

पहिला प्रश्न सौंदर्याचा नसून वजनाचा आहे. समजा, टाकी ६ फूट लांब, २ फूट रुंद व २ फूट उंच करावयाची आहे. तींत २४ घनफूट, म्हणजे सुमारें ६८० लिटर पाणी मावेल. खारें पाणी गोड्या पाण्याहून किंचित् जड असल्यामुळें त्याचेंच वजन ७०० किलोच्या घरांत जातें. १२ मिलिमीटर जाडीची काच घेतली तर ती सव्वाशें किलो भरते. त्यांत दगड, लोखंडी घडवंची आणि पाणी गाळण्यासाठीं खालीं ठेवावयाची दुसरी टाकी हीं मिळविलीं म्हणजे एकंदर भार एक टनाच्या वर जातो. राहत्या घराची जमीन आपल्याकडे सामान्यतः दर चौरस मीटरला २०० किलो भाराच्या हिशेबानें बांधतात. आणि आपली टाकी तर एका चौरस मीटरहून थोडीशीच अधिक जागा व्यापते. म्हणजे त्या जागेपुरता हा भार पांचपटीच्या आसपास झाला! एवढ्यावरून स्लॅब कोसळेलच असें नव्हे. भोंवतालची जमीन व तुळया भार वाटून घेतात. परंतु हा निर्णय टाकी विकणाऱ्यानें किंवा हौशी गृहस्थानें करावयाचा नसून, इमारतीचे नकाशे पाहून स्थापत्य अभियंत्यानें करावयाचा आहे. तळमजल्याची जागा असेल तर उत्तमच. वरच्या मजल्यावर राहणाऱ्यानें मात्र हें विसरूं नये कीं, आपल्या समुद्राखालीं दुसरें एखादें कुटुंब झोंपलेलें असतें.

दुसरा प्रश्न पाण्याचा. खाडी दाराशीं असतां मीठ विकत कां घ्यावें, असें कोणी विचारील. त्याचें उत्तर असें कीं, पावसाळ्यांत गाढी नदीचें पाणी खाडींत उतरलें म्हणजे तिचा खारटपणा एकाएकीं उतरतो. शिवाय गाळ आणि वस्तीचें सांडपाणी आहेच. प्रवाळांच्या प्रदेशांतील मासे असें पाणी सोसत नाहींत. याकरितां नळाचें पाणी प्रथम आरओ यंत्रांतून गाळून शुद्ध करावें व मग त्यांत मत्स्यालयासाठीं तयार केलेलें समुद्री मीठ दर लिटरला सुमारें ३५ ग्रॅम या प्रमाणांत निराळ्या पिंपांत विरघळवावें. आपल्या टाकीला असें सुमारें २४ किलो मीठ लागेल. येथें नवशिक्याची एक चूक हटकून होते. पाणी उडून पातळी खालीं आली कीं तो पुन्हां खारें पाणी ओततो. परंतु वाफ होते ती केवळ पाण्याची. मीठ मागेंच राहतें. म्हणून रोजची भर शुद्ध गोड्या पाण्याचीच घालावयाची. खारें पाणी लागतें तें दर पंधरवड्यास दहावा हिस्सा जुनें पाणी काढून नवें घालतांना.

तिसरा प्रश्न जिवाणूंचा. आणि बहुतेकांची हौस येथेंच बुडते. माशांच्या मलमूत्रापासून व उरलेल्या अन्नापासून अमोनिया हें विष निर्माण होतें. कांहीं सूक्ष्म जिवाणु त्याचें नायट्राइट करतात, व दुसरे त्यापासून त्या मानानें निरुपद्रवी असें नायट्रेट करतात. या जिवाणूंची वसाहत दगडांच्या छिद्रांतून व वाळूंतून वाढावयास बहुधा चार ते सहा आठवडे लागतात. तोंवर अमोनियाची मोजकी मात्रा देत, पाणी फिरवीत, पण माशांवांचून स्वस्थ बसावें लागतें. मी प्रथम टाकी मांडली त्या वेळीं आठव्या दिवशींच धीर सुटला. पाणी स्फटिकासारखें दिसत होतें. मासे आणून सोडले. तिसऱ्या दिवशीं सकाळीं एकही जिवंत नव्हता. दिसण्यांत स्वच्छ असलेलें पाणी आणि राहण्यास योग्य असलेलें पाणी हीं एक नव्हेत, हा धडा मला त्या मुक्या जीवांच्या प्राणांनीं मिळाला. तेव्हांपासून अमोनिया व नायट्राइट दोन्ही शून्यावर आल्याचें परीक्षेनें कळल्यावांचून मी एकही मासा घरीं आणीत नाहीं.

चौथी गोष्ट उष्म्याची व विजेची. पाणी २५ ते २६ अंश सेल्सिअस ठेवावें लागतें. पनवेलचा वैशाख तर ३५ अंशांच्या पलीकडे जातो. पाण्यावर पंखा लावला तर बाष्पीभवनानें पाणी कांहींसें थंड होतें. परंतु आषाढांत हवाच ओलीचिंब असल्यामुळें ती युक्ति लंगडी पडते. म्हणून शीतकयंत्राची तजवीज आरंभींच करावी, व त्याची गरम हवा खोलीबाहेर जाईल असें पाहावें. वीज गेली तर अधिक मोठें संकट. पाणी हलेनासें झालें कीं त्यांतील प्राणवायु घटतो व कांहीं तासांतच मासे गुदमरूं लागतात. ३ जून २०२० रोजीं निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळलें तेव्हां जिल्ह्यांतील अनेक गांवें कित्येक दिवस अंधारांत होतीं. बॅटरीवर चालणारा हवेचा लहान पंप ही फार स्वस्त वस्तु आहे. पण ती वादळापूर्वीं घरांत असावी लागते.

आतां शेवटची व माझ्या मतें सर्वांत महत्त्वाची गोष्ट. ज्या प्रवाळांसाठीं हा खटाटोप, तीं प्रवाळें समुद्रांतून आणावयाचीं काय? प्रवाळ म्हणजे दगड नव्हे. तो सूक्ष्म प्राण्यांचा समुदाय असून त्यांच्या देहांत वस्तीस असलेलें शैवाल सूर्यप्रकाशावर त्यांना अन्न पुरवितें. पाणी प्रमाणाबाहेर तापलें कीं हें शैवाल निघून जातें आणि प्रवाळ पांढरें पडतें. १९९८ सालीं लक्षद्वीपांत व मन्नारच्या आखातांत असेंच झालें. आपल्याही किनाऱ्यावर प्रवाळें आहेत: मालवणचा समुद्र १९८७ सालीं अभयारण्य म्हणून जाहीर झाला; आणि मुंबईस किनारा मार्गाच्या कामासाठीं २०२० सालीं वरळी व हाजीअली येथील प्रवाळांच्या वसाहती शास्त्रज्ञांकरवीं दुसरीकडे हलवाव्या लागल्या. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या परिशिष्टांत २००१ सालीं भित्ति बांधणारीं प्रवाळें, समुद्रपंखे व समुद्रघोडे यांचा समावेश झाला. म्हणजे कायद्याच्या दृष्टीनें तीं वाघाच्या पंक्तीला बसलीं. वाघाचें पिल्लूं दिवाणखान्यांत आणण्याचें आपल्या मनांतही येत नाहीं. मग प्रवाळाची फांदी तरी कां यावी?

‘मग भित्ति कशाची?’ असें आपण विचाराल. १९६१ सालीं जकार्ताच्या ली चिन एंग यांनीं आपली पद्धति प्रसिद्ध केली. समुद्रांतले जिवंत दगड टाकींत रचले म्हणजे तेच पाणी शुद्ध राखतात, असें त्यांनीं दाखविलें. त्यांतील तत्त्व घ्यावें, समुद्रांतले दगड घेऊं नयेत. जमिनीवरील सच्छिद्र चुनखडी किंवा सिमेंटचे घडविलेले दगडही तें काम करतात. मात्र सिमेंटचे असल्यास ते कित्येक आठवडे पाणी बदलीत मुरवावे. मासेही पैदास केंद्रांतलेच घ्यावे. पनवेलहून फार दूर नसलेल्या ऐरोलीस शोभिवंत समुद्री माशांची पैदास करण्याचें काम झालें आहे. तेथें वाढविलेल्या विदूषक माशांची एक जोडी अशा खडकांत सुखानें नांदते. त्यांना समुद्रफुलाची गरज पडत नाहीं. हे मासे सर्व नर म्हणूनच वाढतात, आणि त्यांतील जो वरचढ ठरतो तो मादी होतो! असलें नवल रोज घरीं पाहावयास मिळत असतां आणखी काय हवें?

तेव्हां क्रम असा: आधीं अभियंता, मग पाणी, मग जिवाणु, मग विजेची तजवीज आणि सर्वांच्या शेवटीं मासे. बहुतेक जण याच्या उलट आरंभ करतात, आणि त्याची किंमत मासे देतात. ज्या समुद्राच्या प्रेमानें आपण ही टाकी मांडतों, त्या समुद्रांतून एकही जिवंत खडा कमी न करतां ती भरली, तरच ती हौस आपणांस शोभेल.