एका संगणक-भाषेचे संमेलन

भाषेचे संमेलन म्हटले की अध्यक्षांचे भाषण, परिसंवाद, ग्रंथप्रदर्शन आणि मंडपाबाहेर रंगणाऱ्या गप्पा, असे चित्र मराठी माणसाच्या डोळ्यांपुढे उभे राहते. परंतु जी भाषा कोणी तोंडाने बोलत नाही, जिच्यात ओवी नाही की अभंग नाही, अशा भाषेचेही संमेलन भरते आणि त्यासाठी देशोदेशींची माणसे एकत्र येतात, हे ऐकून पुष्कळांस नवल वाटेल. ती भाषा म्हणजे ‘पायथॉन’ आणि ते संमेलन म्हणजे ‘पायकॉन’.

माणसाला वाचता येईल अशा शब्दांत आज्ञा लिहाव्यात आणि यंत्राने त्या आपल्या खुणांत उतरवून घ्याव्यात, यासाठी ज्या कृत्रिम भाषा रचल्या गेल्या, त्यांपैकी पायथॉन ही एक होय. गुइडो व्हॅन रॉसम हे डच गृहस्थ अ‍ॅमस्टरडॅमच्या एका संशोधनसंस्थेत काम करीत असताना १९८९ च्या नाताळच्या सुटीत तिचा आरंभ झाला, आणि १९९१ साली ती जगापुढे आली. तिचे नाव अजगरावरून आलेले नाही. ‘माँटी पायथॉन’ या ब्रिटिश विनोदी कार्यक्रमावरून ते घेतलेले आहे. वहीत समास नीट सोडा, ओळी सरळ लिहा, असे शिक्षक विद्यार्थ्यांना सांगतात तो टापटिपीचा भाग झाला. या भाषेत मात्र ओळ किती आत सरकवून लिहिली, यावरच तिचा अर्थ ठरतो. टापटीप हेच येथे व्याकरण आहे.

१९९४ साली अमेरिकेत या भाषेच्या अभ्यासकांचा पहिला मेळावा भरला, तेव्हा जेमतेम वीस जण जमले होते. ‘पायकॉन’ या नावाने २००३ पासून संमेलन भरू लागले. भारतात ते प्रथम २००९ साली बंगळुरात भरले. पुढे २०११ साली पुण्यास आणि २०१८ साली हैदराबादेस त्याचा मान मिळाला.

अशा संमेलनात प्रथमच पाऊल टाकणाऱ्या माणसास वाटते की, येथे केवळ गणिती चर्चा चालत असेल. तशी ती चालतेही. परंतु थोड्याच वेळात त्याच्या ध्यानात निराळ्याच गोष्टी येऊ लागतात. पाच-पाच मिनिटांच्या भाषणांचे एक सत्र असते. तेथे नामवंत तज्ज्ञामागून एखादा विद्यार्थी उभा राहतो, आणि घंटा दोघांनाही सारखीच वाजते. अमेरिकेतील पायकॉनमध्ये वक्ते आणि संयोजकदेखील प्रवेशशुल्क भरतात. ज्यांना ते झेपत नाही त्यांच्यासाठी साहाय्यनिधी असतो. भाषणे संपल्यावर काही मंडळी मागे राहतात आणि एकमेकांशेजारी बसून भाषेतील दोष दुरुस्त करतात. नवख्याने केलेली पहिली दुरुस्ती पुष्कळदा याच बैठकीत होते.

आणखी एक रिवाज लक्षात राहण्याजोगा आहे. चार माणसे वर्तुळ करून बोलत उभी असली, तर त्यांनी एका माणसाची जागा मोकळी ठेवावी, म्हणजे एकटा आलेला संकोच न बाळगता त्यांत मिसळू शकेल. कोणी आत येऊन उभा राहिला की वर्तुळ थोडे मोठे करावयाचे आणि पुन्हा एक जागा सोडावयाची.

ही मोकळी जागा टिकविणे सोपे नसते, हे या भाषेच्या इतिहासावरून दिसते. २००८ साली पायथॉनची तिसरी आवृत्ती निघाली. तीत अनेक जुन्या चुका सुधारल्या. जगातील सर्व लिप्यांना मजकुरात रोमन लिपीच्या बरोबरीचे स्थान मिळाले, इतके की देवनागरी अक्षरांत चलांची नावे लिहिणेही शक्य झाले. परंतु या सुधारणेपायी दुसऱ्या आवृत्तीतील असंख्य लेखन नव्या आवृत्तीत चालेनासे झाले. ज्यांचे वर्षानुवर्षांचे काम जुन्या रूपात होते, त्यांनी काय करावे? वाद वाढला. जुन्या आवृत्तीची मुदत २०१५ पर्यंत होती, ती २०२० पर्यंत वाढवावी लागली. मागून येणाऱ्यांना सामावून घेण्याची ही किंमत होती, आणि ती दहा वर्षांहून अधिक काळ मोजावी लागली.

पुढे २०१८ साली याहून कठीण प्रसंग आला. व्हॅन रॉसम यांस मंडळी थट्टेने ‘तहहयात दयाळू हुकूमशहा’ म्हणत. अखेरचा शब्द त्यांचा असे. एका लहानशा नव्या चिन्हावरून इतका कडवट वाद झाला की, तो निर्णय मान्य करून घेताना थकलेल्या या गृहस्थांनी त्या वर्षीच्या जुलैत पद सोडले, आणि आपला वारस नेमण्याचेही नाकारले. मालक नसलेल्या भाषेचे आता कसे व्हावयाचे? तिच्या विकासकांनी मतदान केले आणि पाच जणांचे निर्वाचित मंडळ नेमले. एकाच मालकाचे नोकर त्यात दोहोंपेक्षा अधिक असू नयेत, असा निर्बंधही घातला. पहिल्या मंडळात व्हॅन रॉसम स्वतः निवडून आले, परंतु पाचांतील एक म्हणून.

केंद्रीय माध्यमिक मंडळाच्या अकरावी-बारावीच्या संगणकशास्त्रात आज हीच भाषा शिकविली जाते. यंत्राबरोबर ती आपोआप आली, अशी विद्यार्थ्याची समजूत होणे स्वाभाविक आहे. वस्तुतः तिच्यातील पुष्कळसे काम लोकांनी आपला उद्योग सांभाळून, मोबदल्याची अपेक्षा न ठेवता केलेले आहे. आणि कटू शब्दांनी अशी माणसे दूर जातात, हे २०१८ सालाने दाखविले. विद्यार्थ्याला भाषेचे नियम शिकविताना या माणसांचीही ओळख करून द्यावी. म्हणजे एखादे दिवशी चूक आढळली, तर केवळ तक्रार न करता ती दुरुस्त करावयास तोही पुढे येईल. त्याच्यासाठी वर्तुळात एक जागा राखलेली आहे.